रांगेत राहिलेलं आवतण

शहाद्याच्या स्टँडबाहेर मातीच्या घागरी आल्या की समजायचं, आखाजी आठ दिवसांवर आली. कॅलेंडर बघायची गरज पडत नाही. रसवंतीच्या शेजारी पेंढा अंथरून घागरी मांडल्या जातात, बायका वाकून एकेकीच्या पोटावर टिचकी मारतात, आणि कुंभारीण दरवर्षी तेच बोलते, "ठोकीसन काय देखतीस माय, मी ठोकीसनच आनेल शेत." पलीकडे झोक्याचे दोर विकायला असतात. पिवळ्या नायलॉनचे जास्त, सुताचे थोडे. ऊन असं की नऊनंतर दुकानाच्या शटरला हात लावायची सोय नाही.

माझं दुकान या बाजाराच्या बरोबर समोर आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पेन्शनरांचे हयातीचे दाखले, आणि शाळकरी पोरांचे प्रकल्प, जे त्यांच्या आया करून घेतात. सकाळी दुकान उघडलं की मी आधी उदबत्ती लावत नाही. आधी संगणक लावते, गावफळा या आमच्या इंटरनेटवरच्या फलकाच्या आतल्या पानावर जाते आणि एक ओळ वाचते. 'फळ्यावरून पत्रं पाठवावीत का?' त्यापुढे दोन गोल आहेत, एक 'होय'चा, एक 'नाही'चा. ठिपका होयच्या गोलात असतो. रोज तिथेच असतो, तरी रोज बघते. गॅस बंद केला का हे बघायला कुलूप लावून परत फिरणाऱ्या बायकांना मी पूर्वी हसायचे. आता हसत नाही.

बाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हणजे सराफाची जाहिरात. आमच्या खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी लेकींची. सासरी गेलेली पोरगी या सणाला माहेरी येते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, खापरावरच्या पुरणपोळ्या आमरसात बुडवून खाते आणि सासूला अशी नावं ठेवते की वर्षभराचा हिशेब एका दुपारी मिटावा. पुरुष पत्ते कुटत बसतात, त्या दिवशी त्यांना कोणी बोलत नाही. घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात, आणि ती भरेपर्यंत कोणी आंबा तोंडाला लावत नाही. पण या सगळ्याच्या आधी मुऱ्हाळी जावा लागतो. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी न्यायला येणारा माणूस. भाऊ, चुलतभाऊ, कोणीच नसलं तर शेजारचा. तो आल्याशिवाय लेक निघत नाही. रस्ता तिला पाठ असतो, एसटी दारावरून जाते, तरी नाही. बोलावल्याशिवाय आलेली लेक आणि बोलावून आलेली लेक यांत आमच्याकडे फार अंतर धरतात.

नाना माझ्या दुकानात पहिल्यांदा आले ते हयातीच्या दाखल्यासाठी. माझ्या माहेरचे, प्रकाशाचे निवृत्त मास्तर, पांढरी टोपी, कापडी पिशवी, पिशवीत अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा. बोटाचा ठसा यंत्राला काही केल्या पटेना. तीनदा नाही म्हणालं.

"तीस वरीस खडू धरा, ठसा खडूसंगेच गया," ते म्हणाले. मग यंत्राकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "म्हंजे मी मरेल शे का?"

मी त्यांना मागच्या नळावर बोट धुवून यायला सांगितलं. चौथ्या वेळी यंत्राने त्यांना जिवंत मानलं. आम्ही दोघंही हसलो. त्या हसण्याची आठवण आता मला नको असते, पण येते.

शाळेत असताना दारातल्या फळ्यावर ते रोज एक अहिराणी शब्द लिहायचे. पुस्तकात नसलेला, पोरांच्या आजीच्या तोंडी असलेला. निवृत्त झाले आणि फळा सुटला. दाखला हातात आल्यावर त्यांनी विचारलं, "बेटा, तुन्हा मशीनमा फळा बठी का?" मी त्यांना व्हॉट्सॲपचा गट काढून देते म्हणाले, तर त्यांनी मान हलवली. तिथे सकाळी लिहिलेलं दुपारी दिसत नाही, आणि मधे चाळीस लोक सुप्रभात म्हणतात. त्यांना फळाच हवा होता. गावातून सुरत, बडोदा, पुण्याला पांगलेल्या माणसांनी यावं, शब्द वाचावा, खाली आपली आठवण लिहावी, आणि लिहिलेलं राहावं. "रोज एक शब्द लिखसू. ज्याले आठवी तो उत्तर दी." एवढंच त्यांचं मागणं होतं.

इंटरनेटवर असे चर्चेचे फलक मांडायची सोय फार जुनी आहे. आता ते कोणी वापरत नाही, पण मला येत होतं. एका सर्व्हरवर जागा घेतली, फलक मांडला, नाव ठेवलं गावफळा. नाना शेजारच्या स्टुलावर बसून सगळं बघायचे. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांनी एकदा ऐकून सोडून दिलं. पण बाहेर जाणाऱ्या पत्रांची मांडणी सुरू झाली तसे ते स्टूल घेऊन पुढे सरकले. गावात टपाल यायचं त्या काळातला तो माणूस. कोणत्या सर्व्हरमधून पत्र निघणार, त्याचा पोर्ट कोणता, पासवर्ड कोणता, हे मी भरत गेले. त्यांचे प्रश्न वेगळे होते.

"पत्र कोना नावनं जाई?"

"फळाना नावनं, नाना."

"आनी पत्ता चुकना ते परत कोठे येई?"

परत येणाऱ्या पत्रांसाठी मी माझ्या दुकानाचा पत्ता भरला, तेव्हा त्यांचं समाधान झालं. प्रत्येक पत्राच्या खाली आपोआप उमटणारी ओळ असते, तिथे त्यांनी 'लोभ असावा' लिहायला लावलं. मी म्हटलं, नाना, असं आता कोणी लिहीत नाही. ते म्हणाले, म्हणूनच लिहायचं. त्यांच्यासाठीही एक पत्रपेटी काढली. त्यांच्या शब्दाला फळ्यावर उत्तर आलं की तिथे पत्र यायचं. पासवर्ड माझ्याकडेच. आठवड्यातून दोनदा ते बसने यायचे, स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, "काय उनं? वाची दाखाड." गिऱ्हाईक बाजूला ठेवून मी वाचायचे. न वाचलेलं पत्र ठळक अक्षरात दिसतं, वाचलं की अक्षर बारीक होतं, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. ठळक किती आहेत ते ते दुरूनच मोजायचे.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं, हे सांगायला हवं. 'खुटी'सारख्या शब्दाला सुरतेच्या हिरेकामगाराने वीस ओळी लिहिल्या. बडोद्याची एक आजी नातवाकडून टाइप करवून घ्यायची आणि शेवटी नातू कंसात आपली तक्रार लिहायचा. आणि त्याच वर्षी निंबोळी नावाने कोणीतरी सभासद झालं. गाव व्यारा, नवापूरच्या पलीकडे गुजरातेत. निंबोळीने कधी एक अक्षर लिहिलं नाही. फक्त रोजच्या शब्दाचं पत्र तिला जायचं आणि ती ते उघडून फळ्यावर येऊन जायची. आत नोंद दिसते.

मी नानांना सहज सांगितलं, व्याऱ्याहून एक निंबोळी येते. ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत राहिले, पुसून झाल्यावरही. त्यांच्या प्रकाशाच्या घरासमोर एकच मोठा निंब आहे. दुसऱ्या दिवशीचा शब्द होता 'झोका'. तो तर सगळ्यांनाच माहीत असलेला शब्द, त्याला कोणी उत्तर दिलं नाही. पण तो सगळ्यांसाठी लिहिलेलाच नव्हता.

माहेरी उडत उडत ऐकलेलं मग थोडं थोडं करून नीट कळलं. नानांना एकच लेक, रेखा. नर्स झाली आणि नवापूरकडच्या एका ख्रिस्ती घरातल्या मुलाशी तिने आपल्या मनाने लग्न केलं. नानांनी आरडाओरडा केला नाही, दार लावलं नाही. त्या वर्षीच्या आखाजीला मुऱ्हाळी पाठवला नाही, बस. आमच्याकडे एवढं पुरतं. पुढच्या वर्षी पाठवावा असं त्यांना वाटलं होतं म्हणे, पण मधे तिची आई गेली, आणि ते रेखाला कळवायचं राहून गेलं. अशी अकरा वर्षं गेली. शिकलेला, शब्दाशब्दावर प्रेम करणारा माणूस, आणि लेकीशी एक शब्द नाही. मला त्यांचा रागही यायचा. मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, नाना, फळा गावाला आणि कुलूप घरात.

गेल्या वर्षी फाल्गुनात मी फळ्याचा सर्व्हर बदलला. जुना सारखा बंद पडत होता. सामान हलवताना जसं होतं तसंच असतं हे, सगळं काढायचं, पुन्हा मांडायचं, लागलं का बघायचं. बघायला चाचणीची पत्रं पाठवावी लागतात, ती सगळ्या सभासदांना जाऊ नयेत म्हणून मी 'पत्रं पाठवावीत का?' पुढे नाही केलं. तात्पुरतं. तेवढ्यात परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख आली, दुकानात पाय ठेवायला जागा राहिली नाही, आणि ते तात्पुरतं तिथेच राहिलं. नाही केलं म्हणून पत्रं फेकली जात नाहीत. ती आत रांगेत एकामागे एक उभी राहतात. आणि पाठवणाऱ्याला मात्र दर वेळी हिरव्या पट्टीवर दिसतं, 'काम झाले'.

चैत्र संपता संपता नाना आले. नेहमीचा स्टूल घेतला नाही, उभेच राहिले. म्हणाले, यंदा गावच्या सगळ्या लेकींना आखाजीचं आवतण द्यायचं आहे. फळ्यावर जेवढ्या आहेत तेवढ्यांना. त्या सगळ्यांत एक कोण आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी म्हटलं, फळ्यावरच लिहून टाकू मोठ्या अक्षरात.

"आवतन फळावर लिखतस का बेटा? फळावर सूचना लिखतस. आवतन घर जाईसन, नाव लिसन देतस."

मग मी फोनचं बोलले. निंबोळीने नोंदणीत पत्ता आणि नंबर दिलेला होता. मी लावते, तुम्ही नुसतं 'ये' म्हणा. त्यांनी फोन हाताने बाजूला सारला. "इतला साल मी बोलावं नही. आते बोलावसू ते रीतनं बोलावसू."

घरचा म्हणून एक पुतण्या होता, पण तो तिच्या दारी मुऱ्हाळी जायला तयार नव्हता, म्हणून पत्र. प्रत्येकीला वेगळं, तिच्या नावाने, फळ्यावर कुठेही न दिसणारं. त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं, मी टाइप केलं. 'बेटा, आखाजी उनी. निंबले झोका बांधी ठेल शे. मन्हाकडे मुऱ्हाळी नही, हाई पत्रलेच मुऱ्हाळी समज. ये. नाना.' आणि खाली आपोआप उमटलेलं, लोभ असावा.

मी बटन दाबलं. हिरवी पट्टी आली.

"गयं का?"

"गयं, नाना."

"सर्व्यासले?"

"सर्व्यासले."

त्यांनी पिशवीतून शेंगा काढून टेबलावर ठेवल्या आणि ते गेले. मी खोटं बोलले नव्हते. पण ते खोटं होतं.

आखाजीच्या दिवशी मी प्रकाशाला गेले होते. माझं माहेर याच गावात, त्यामुळे मलाही झोका सुटत नाही. तापीकाठची केळी वाऱ्याने फाटलेली, धरणाच्या पाण्यावर नुसती चमक, देवळापाशी गाड्या. नानांच्या निंबाला पुतण्याने दोर बांधून दिला होता, सुताचा, पांढरा. गल्लीतल्या पोरी आळीपाळीने बसत होत्या. नाना ओट्यावर होते. एसटीचा हॉर्न ऐकू आला की त्यांची मान वळायची. चुलीवरच्या खापराचा धूर गल्लीभर, आणि त्यात निंबाच्या मोहोराचा कडसर वास. मी त्यांच्याजवळ बसले तर ते म्हणाले, "ऊन बी बहू शे यंदा. दुपारनी कोन निंघस." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "नर्सनं काम शे. सुटी नही भेटनी व्हई." तिसऱ्या दिवशी उठून झोक्याची गाठ तेवढी ओढून बघितली. त्या तिन्ही दिवसांत त्यांनी आंबा खाल्ला नाही असं पुतण्याची बायको मला म्हणाली. घागर भरून झाली होती, खायला हरकत नव्हती.

बाकीच्या लेकींचं काय, त्यांनाही पत्र गेलं नव्हतंच की. पण त्यांच्या घरून मुऱ्हाळी गेले होते, फोन गेले होते. त्या आल्या. मास्तरांच्या पत्राची कोणाला वाट नव्हती, म्हणून ते न मिळाल्याचं कोणाला कळलं नाही. ज्या एकीला कळायचं तिला कळवणारंच कोणी नव्हतं.

फळा तेव्हापासून शांत झाला. फाल्गुनापासूनच झाला होता खरं तर. शब्दाचं पत्र जात नव्हतं म्हणून लोक येत नव्हते. पण आम्हाला वाटलं, लोकांचा उत्साह तो, चार दिवसांचा. नाना बसने यायचे, शब्द लिहवून घ्यायचे, पेटीत ठळक काही नसायचं. "लोके दमी ग्यात व्हतीन," ते म्हणायचे. मी त्यांची समजूत घालायचे की हल्ली वाचतं कोण. हे मी म्हणायचे. ज्या यंत्राच्या चाव्या माझ्याकडे होत्या त्या यंत्रासमोर बसून मी जगाला नावं ठेवायचे.

श्रावणात एका दुपारी नाना जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. पुतण्याने सगळं केलं. रेखाला कळवायचं का, यावर ओट्यावर थोडं बोलणं झालं आणि विरलं. नंबर कोणाकडे नाही असं सगळे म्हणाले. माझ्याकडे होता. मला फोन लावायचा धीर झाला नाही, हेही सांगून टाकते. मी दुकानात येऊन फळ्यावरून निंबोळीला पत्र लिहिलं. चार ओळी. नाना गेले, शांतपणे गेले, तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. बटन दाबलं. काम झाले. तिचं उत्तर आलं नाही, आणि मी मनात म्हटलं, दगडाची आहे बाई.

मग कार्तिक आला. हयातीच्या दाखल्यांचे दिवस. दुकानात टोप्या आणि काठ्यांची रांग, प्रत्येकाचा अंगठा यंत्रावर, प्रत्येक जण जिवंत असल्याचं सिद्ध करतोय. नाना त्यात नव्हते. दुपारी जरा गर्दी ओसरली तेव्हा सुरतेहून त्या हिरेकामगाराचा फोन आला. पासवर्ड विसरलाय, नवा मागितला तर पत्रच येत नाही, म्हणाला. मग बोलता बोलता म्हणाला, "ताई, फळा बंद करी टाका का तुम्ही? फाल्गुनपाईन एक बी पत्र नही."

मी फोन ठेवला आणि आत गेले. पत्रं पाठवावीत का? नाही.

माणूस घाईत काय करतो? बंद दिसलं की चालू करतो. मी होय केलं. आणि रांग सुटली. आठ महिन्यांची पत्रं, जशी उभी होती त्या क्रमाने, थोडी थोडी करून. फाल्गुनातले शब्द, चैत्रातले शब्द. मी बरं झालं म्हणून चहा सांगितला. चहा यायच्या आत मला आठवलं की चैत्राच्या शेवटी काय आहे. यादी उघडली तर ते जाऊन चुकलं होतं. निंबोळी, व्यारा. गेलं.

मी तशीच बसून राहिले. पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. निंबोळीने फळ्यावर पाऊल ठेवलं आणि नानांच्या 'झोका' या शब्दाखाली, जिथे कोणीच काही लिहिलं नव्हतं, तिथे आयुष्यातली पहिली ओळ लिहिली. 'नाना, आखाजीले आजून मोक्कार दिन शेत. पन मी येसू. झोकाले दोर नवा बांधजो.'

मोक्कार म्हणजे पुष्कळ. तिला वाटलं होतं, म्हाताऱ्याने अधीर होऊन सहा महिने आधीच आवतण धाडलं.

आणि रांग चालूच होती. वैशाखाचे शब्द जात होते, ज्येष्ठाचे जात होते. शेवटी श्रावणातल्या माझ्या चार ओळी उभ्या होत्या. आणखी दहा मिनिटांत त्या तिच्यापर्यंत पोचल्या असत्या, हातात फोन धरून ती वडिलांच्या उत्तराची वाट बघत असताना. मी ठिपका नाहीवर नेला. या वेळी डोळे उघडे ठेवून. रांग थांबली. समोर एक आजोबा अंगठा पुढे करून उभे होते, त्यांना मी म्हटलं, उद्या या बाबा, आज यंत्र बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघाले. नंदुरबारला बस बदलली. लेकीला आणायला जाणारा कधी रिकाम्या हाताने जात नाही, मुऱ्हाळ्याच्या पिशवीत सांजोऱ्या असतात, साडी असते. मरणाचा निरोप नेणारा रिकाम्या हाताने जातो. मी कोण होते ते मला ठरवता येईना. शेवटी नानांच्या पत्राची छापील प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली होती, तेवढीच. चिंचपाड्याला दवाखान्यात जाणारी माणसं उतरली, एक म्हातारी आपली घोंगडी विसरली आणि अख्ख्या बसने तिला हाका मारल्या. नवापूर ओलांडल्यावर पाट्या गुजराती झाल्या. मी मनात वाक्यं जुळवत होते आणि एकही वाक्य उभं राहत नव्हतं.

रेखाने दार उघडलं. नानांचंच कपाळ. मी प्रकाशाची म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उजळला, आणि मी कशी उभी आहे ते बघून तसाच उतरला. मला फार बोलावं लागलं नाही. खाली बसल्यावर मात्र सगळं सांगितलं, फाल्गुनापासून, एक ठिपका न सोडता. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रडली नाही.

"दोर बांधेल व्हता का?" तिने विचारलं.

"बांधेल व्हता. सुतना."

"कितला दिन वाट देखी?"

"तीन दिन."

आतल्या खोलीत कुकरची शिट्टी झाली, ती जाऊन गॅस बंद करून आली. मग ती म्हणाली, "फाल्गुनमा पत्रं बंद व्हयनात. माले वाटनं, नानाले समजी गयं निंबोळी कोन शे ते, आनी त्यानी मन्हं नाव काढी टाकं." आणि मग माझ्याकडे सरळ बघत, "ताई, आठ महिना कोनी बोलनं नही. तुम्हले एकदाव बी वाटनं नही, का बोलत नही म्हनीसन?"

मी चूक कबूल करायला गेले होते आणि मला वाटत होतं की चूक त्या ठिपक्याची आहे. चूक ती नव्हती. शांतता पसरली आणि आम्ही तिघांनीही तिचा अर्थ आपापल्या मनाने लावला, कोणीही कोणाला विचारलं नाही. यातली माझी वाटणी सगळ्यात मोठी, कारण माझ्या हातात चावी होती.

तिनेच थोड्या वेळाने म्हटलं, "मी बी इचारं नही." आणि उठून पिशवी भरायला लागली. नवऱ्याला फोन करून सांगितलं, माहेरी जाते आहे. मी म्हटलं, आज कशाला, तर म्हणाली, "मुऱ्हाळी दारमा उना ते जानं पडस."

प्रकाशाला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. आखाजीसाठी बांधलेला दोर अजून निंबालाच होता, कोणी सोडला नव्हता. पावसाने काळा पडलेला, एका बाजूने सुतं सुटलेला. ती बसली नाही. दोन्ही हातांनी दोर धरून उभी राहिली, बस पकडायला उभं राहतात तशी. पुतण्याची बायको पाणी घेऊन आली आणि तांब्या तसाच हातात धरून तीही उभी राहिली.

परत जाताना रेखा दुकानात आली. तिच्यासमोर मी रांगेतल्या माझ्या चार ओळी काढून टाकल्या आणि पुन्हा होय केलं. उरलेली पत्रं गेली. सगळ्यात शेवटी एक नवं उभं होतं, फळ्याने आपोआप लिहिलेलं. 'नाना, तुमच्या शब्दाला निंबोळी यांचे उत्तर आले आहे. लोभ असावा.' मी विचारलं, हे काढू का? ती म्हणाली, "जाऊ द्या." गेलं. नानांच्या पेटीत ठळक अक्षरात जाऊन बसलं.

"वाची दाखाडू?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं. ती नको म्हणाली. ते तिच्यासाठी नव्हतंच.

तेव्हापासून ते पत्र ठळक आहे. फळा पुन्हा सुरू झालाय, लोक लिहितात, शब्द आता रेखा पाठवते. नानांनी शब्द जमवलेल्या वहीतले अजून बरेच उरलेत. मी रोज ठिपका बघते आणि मग नानांची पेटी बघते. पासवर्ड मला पाठ आहे. एकदा उघडलं की अक्षर बारीक होईल, आणि मग ते कोणी वाचलं होतं हे मला कायम माहीत असेल.

परवा रेखाचा फोन आला होता. यंदा मुऱ्हाळी कोण येणार, तिने विचारलं. मी म्हटलं, मीच. नानांची घागरही तिलाच भरायची आहे, पुतण्याने आडकाठी केली नाही, उलट निंबाखालचं अंगण झाडून ठेवलंय. आज सकाळी कुंभारणीकडून एक घागर घेतली, ठोकून बघितली, तिची बोलणी खाल्ली. मग पलीकडे गेले. नायलॉनचा टिकतो असं दोरवाला फार सांगत होता, पण मी सुताचाच घेतला. आधी बस प्रकाशाला जाईल, तिथे उतरून जुना दोर सोडायचा, नवा बांधायचा, आणि मग पुढच्या बसने व्याऱ्याला. नानांच्या पेटीतलं पत्र मी उघडलेलं नाही. पण निंबोळीने त्यांना काय बांधायला सांगितलं आहे ते मला ठाऊक आहे, आणि ते करायला आता नाना नाहीत.